पडला पाटीत

माझा हात आधी उठतो आणि डोकं मागून पोचतं, असं माझी मामी म्हणायची. रागाने नव्हे, कौतुकाने. गावात कोणी तिच्या मुलाला टपली मारली की मी जाऊन त्याचं मुस्काट फोडायचो, आणि मामी मला गरम तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढायची. मी मामेभावाला सौदीत, जुबैलला बोलावून घेतलं तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "त्याला दमा हाय. खिशात पंप हाय का ते रोज बघ. बाकी तू हायस तर मला घोर नाय."

मामेभाऊ माझ्याहून वर्षभराने मोठा, दोन पोरांचा बाप, पण अंगाने काडी. मी एका ठेकेदाराकडे फिटर होतो. पेट्रोकेमिकलच्या प्लांटमध्ये पाइप बदलायचे, व्हॉल्व्ह उघडायचे, पुन्हा बसवायचे. मामेभाऊ तिथेच स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. आमच्या गँगमध्ये वीस-बावीस जण, जवळजवळ सगळे रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे. एकाच्या गावची मुलगी दुसऱ्याच्या गावात दिलेली, अशी नाती. एका कॅम्पात राहायचो, एका बसने जायचो, फजरला, पहाटेच्या नमाजाला, एका रांगेत उभे राहायचो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते परक्यांनी केलेलं नाही.

आमच्यावर फोरमन होता अमेरिकन. बारा महिने डोक्यावर लाल टोपी. हेल्मेटसुद्धा त्या टोपीवरच चढवायचा. आम्ही त्याला लालटोपी म्हणायचो. ती टोपी त्याच्या कॉलेजची होती. पन्नाशीचा बाप्या, कॉलेज सोडून पंचवीस-तीस वर्षं झालेली, तरी जीव त्या कॉलेजच्या बास्केटबॉलच्या टीममध्ये अडकलेला. थंडी सुरू झाली की त्यांच्या मॅचा सुरू व्हायच्या. आणि त्याची टीम हरली की आमचं काही खरं नसायचं.

खरं नसायचं म्हणजे काय ते सांगतो. त्याच्या हातात कायम एक मोठा पाना असायचा. चिडला की तो पाना आमच्या हेल्मेटवर आदळायचा. टण्ण! डोकं आतून तासभर वाजत राहायचं. चहाची सुट्टी बंद. पाणी मागितलं की शिवी. एकदा टीम हरली तर त्याने पाना असा फेकून मारला की एकाच्या पिंढरीचं मांस फाटलं. तक्रार कोणाकडे करणार? ज्याच्या नावावर व्हिसा त्या कफीलच्या कपाटात पासपोर्ट, आणि इकामा, म्हणजे राहायचा परवाना, ठेकेदाराच्या हातात.

मग आमच्या माणसांनी काय करावं? सगळे त्याच्या टीमचे भक्त झाले! कोणी तो खेळ डोळ्यांनी बघितलेला नव्हता. पण लालटोपी एका कंटेनरच्या पत्र्यावर खडूने कोण जिंकलं, कोण हरलं ते लिहायचा, आणि आमचे लोक सकाळी उतरल्या उतरल्या आधी तो पत्रा बघायचे. दिवस कसा जाणार ते तिथे कळायचं. हळूहळू सगळं डोक्यात बसलं. ही कॉलेजं अशी सुटी सुटी खेळत नाहीत, त्यांचा आठ-दहांचा एक गट असतो. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी, आणि शेवटी सगळ्यांनी एका जागी जमून एकच विजेता काढायचा. आमच्यातला वेल्डर म्हणाला, "म्हंजे आपली जमातच की रे. आठ गावांची जमात." तेव्हापासून आम्ही त्याला जमातच म्हणायचो. लाल्यांचं गाव, निळ्यांचं गाव, डोंगरातलं ते हिरव्यांचं गाव. आणि खेळाला पाटीचा खेळ, कारण वर टांगलेली ती टोपली मामेभावाला घरच्या मासळीच्या पाटीसारखी वाटली.

लाल्यांसाठी मन्नती मागितल्या आमच्या लोकांनी! खोटं नाही सांगत. वेल्डरने खोलीत साखरेची फातिहा दिली की या अल्ला, उद्या लाल जिंकू दे, मागच्या वेळचं माझं डोकं अजून ठणकतंय. हा वेल्डर माझ्या शेजारच्या पलंगावर झोपायचा. दिसायला रेडा, मनाने लोणी. मामेभावाचा दमा उठला की त्याच्या पाठीला तेल चोळणारा तोच.

आणि मामेभाऊ? तो निळ्यांचा.

त्याचं असं झालं. लाल एक मॅच हरले आणि त्या सकाळी मामेभाऊ फोर्कलिफ्टवर सिमेंटच्या गोणी हलवत होता. धूळ उडाली म्हणून जरा थांबला, खिशातून पंप काढला. लालटोपीने त्याला कॉलरला धरून खाली ओढला. अक्षरशः ओढला, जमिनीवर पाडला, पंप बुटाने उडवून दिला आणि वर म्हणतो, झोपायला येता का इथे? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी धावलो, पण वेल्डरने मला मागून मिठी मारून धरलं. "नको भाई, नोकरी जाईल, दोघांची जाईल." त्या दिवशी त्याने धरलं ते बरंच केलं असं मलाही नंतर वाटलं. चांगली पकड होती त्याची.

मामेभावाने कपडे झटकले, पंप उचलला, दोनदा ओढला आणि सरळ त्या कंटेनरपाशी गेला. पत्रा वाचला. मग मला विचारतो, "या लालांचा जानी दुश्मन कोण?"

"निळे," मी म्हटलं. एकाच राज्यातली दोन कॉलेजं, एकमेकांचं पाणी पीत नव्हती.

"मग मी निळ्यांचा."

असा माणूस! हाताने मारू शकत नव्हता, तर त्याने हे शोधून काढलं. अर्थात मीही निळ्यांचा झालो. बावीस माणसांत आम्ही दोघे निळे.

तोवर इराकने कुवेत गिळलं होतं आणि जुबैलचं बंदर अमेरिकन शिपायांनी भरून गेलं होतं. त्यांच्यासाठी त्यांचा रेडिओ सुरू झाला, आणि त्यावर मॅचा लागायला लागल्या. तिकडे संध्याकाळ तेव्हा आमच्याकडे सकाळ, नेमकी बसची वेळ. मामेभावाने एक छोटा रेडिओ घेतला. फजर झाली, बस सुटली की तो मांडीवर रेडिओ घेऊन खिडकीशी बसायचा. निळ्यांची मॅच लागली की मग विचारूच नका. इंग्रजी आम्हाला कामापुरतंच येत होतं, पण महिनाभरात फाउल, रिबाउंड, फ्री थ्रो सगळं कानाने शिकलो. निळ्यांनी बास्केट केली की हा काडीसारखा माणूस आरोळी ठोकायचा, "पडला पाटीत!" एवढ्याशा छातीतून एवढा आवाज कसा निघायचा अल्ला जाणे. ड्रायव्हर पठाण होता, तोसुद्धा दचकून ब्रेक मारायचा.

बस तापायची. "तुज्या निळ्यांपायी आमचं डोकं फुटतं," कोणीतरी बोंबलायचं. ते खरंच होतं. लाल आणि निळे वरच्या दोन जागांसाठी भांडत होते, म्हणजे निळ्यांचं बरं ते लालटोपीचं वाईट. एकदा एकाने रेडिओ हिसकावला. मी त्याला सीटवर आडवा घातला, त्याने माझ्या कानशिलात डबा हाणला, दुसऱ्याने माझा पट्टा धरून ओढलं, आणि चालत्या बसमध्ये पाच-सहा माणसं एकमेकांवर. मामेभाऊ रेडिओ पोटाशी धरून खिडकीला चिकटलेला आणि तिथूनही स्कोर सांगतोय. मार खाऊन उतरलो आणि हसत होतो आम्ही. माझ्या गालावर डब्याच्या कडेचा वळ आणि मी हसतोय.

लाल आणि निळे पहिल्यांदा भिडले ते लालांच्या घरी. निळे हरले. लालटोपीने सगळ्यांना पेप्सी पाजली. मामेभावाने घेतली नाही. "दुसरी मॅच आपल्या घरी हाय," तो मला म्हणाला. आपल्या घरी! त्या गावाचं नावसुद्धा त्याला धड उच्चारता येत नव्हतं.

मग लढाई पेटली.

विमानं डोक्यावरून जायची ती छाती फोडून जायची. सायरन वाजला की पळायचं. पहिल्यांदा आकाशात इराकचं क्षेपणास्त्र फुटलं तेव्हा कॅम्पाच्या पत्र्यांवर वरून लोखंडाचे तुकडे पडले, एकाने तर गरम तुकडा उचलून हात भाजून घेतला. पण खरी भीती फुटण्याची नव्हती, वायूची होती. सगळे म्हणत होते की पुढच्यात विषारी वायू येणार. कंपनीच्या माणसांना मास्क मिळाले. ठेकेदाराच्या माणसांना सांगितलं, टॉवेल ओला करून तोंडावर धरा. मी विचारलं, आमचं नाक वेगळ्या मातीचं आहे काय? स्टोअरमागे हत्यारांची एक खोली होती, ती आम्ही आमच्या हातांनी बंद केली. खिडकीला प्लास्टिक, फटींना तपकिरी टेप, एसीच्या भोकात चिंध्या कोंबल्या. कामाला आम्ही पक्के. मुंगी शिरणार नाही असं केलं. वेल्डरने दरवाजाच्या आतून लावायला टेपची रिळं खिळ्यावर टांगून ठेवली आणि हात झटकत म्हणाला, "बघू आता कसा येतो."

मामेभावाकडे बघून माझा जीव टांगणीला लागला होता. जळक्या तेलाचा वास हवेत कायम, त्याची छाती सारखी वाजायची. मी कफीलच्या ऑफिसात गेलो, म्हटलं याला घरी पाठवा, आजारी आहे. टेबलावरचा माणूस म्हणाला, "बुकरा." उद्या ये. उद्या गेलो, पुन्हा बुकरा. तिसऱ्या वेळी मी टेबलावर मूठ आपटली तर शिपायाने मला धक्के मारून बाहेर काढलं. पंप संपत आला होता. औषधाच्या दुकानांत शटर खाली, जी उघडी होती तिथे नव्हता. एका दुकानात मी मलबारी केमिस्टची गळपट्टी धरली, तो बिचारा रडकुंडीला आला, कपाटं उघडून दाखवायला लागला. नव्हताच.

"घाबरतंस काय," मामेभाऊ म्हणायचा. "दुसरी मॅच ऐकल्याबिगर मी मरत नाय." अशी जीभ! मी त्याला शिव्या घातल्या.

दुसऱ्या मॅचच्या सकाळी हवा स्वच्छ होती. बसमध्ये मॅच सुरू झाली, आणि त्या दिवशी भांडण नव्हतं, सगळे कान लावून होते. वर्कशॉपला उतरलो तरी रेडिओ चालू. लालटोपीही येऊन उभा राहिला, त्याने स्वतःचा रेडिओ बंद केला, आमच्यात ऐकायला. मला तेवढा एक क्षण वाटलं की हा पण माणूसच आहे. आणि सायरन वाजला.

"आत! आत!" लालटोपी ओरडला. आम्ही सगळे त्या हत्यारांच्या खोलीत घुसलो. वेल्डरने दार ओढलं आणि टेप लावली, वर, खाली, बाजूला, दोन दोन थर. लालटोपीने मास्क चढवला. आम्ही बादलीत टॉवेल बुडवले आणि तोंडावर घेतले. वीसेक माणसं, गोदामातली सिमेंटची धूळ, केरोसिनचा वास, आणि मधोमध एका खोक्यावर रेडिओ. कोणी बंद केला नाही. करणार कसा? मॅच संपत आली होती आणि दोघे बरोबरीत होते.

बाहेर लांब कुठेतरी धडाम झालं. भिंतीवरचे पाने वाजले. सगळे खाली बसले, कलमा पुटपुटायला लागले, आणि त्यातच रेडिओवर लालांनी बास्केट केली तर टॉवेलातून दबलेला ओरडाही झाला. भीतीने माणूस कसा होतो पाहा, एका तोंडाने कलमा आणि त्याच तोंडाने लालांचा जयजयकार. मग निळ्यांची बास्केट. "पडला पाटीत!" मामेभाऊ. आवाज चिरकलेला, पण होता. मग फाउल, फ्री थ्रो. पुन्हा लाल. मग रेडिओवरचं ते घर, निळ्यांचं घर, असं काही गर्जलं की समजवायची गरज नव्हती. निळ्यांनी घातली होती. निळे पुढे गेले होते.

आणि मामेभाऊ ओरडला नाही.

मी वळून पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता. खांदे कानांपर्यंत चढलेले, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, तोंड उघडं, आणि आत काही जात नव्हतं. हातात पंप होता. तो दाबत होता, दाबत होता, नुसता टिकटिक आवाज. ओठांचा रंग मी पाहिला आणि मी दाराकडे झेप घेतली.

"दार उघडा! याला हवा पाहिजे!"

मी टेपचा वरचा पट्टा फाडला. मागून वेल्डरने मिठी मारली. तीच पकड. "भाई, नको! वायू हाय बाहेर! सगळे मरू!"

"सोड! मरतोय तो!"

"सगळे मरू रे!"

मी कोपर त्याच्या तोंडावर मारलं. त्याने सोडलं नाही. मी दुसरा पट्टा ओढला आणि मग सगळेच आले. माझी माणसं. ज्यांच्या बहिणींच्या लग्नात मी जेवण वाढलं होतं ती. एकाने केस धरले, एकाने पोटात लाथ घातली. लोखंडी टोकाचे बूट होते सगळ्यांना. मी खाली पडलो, तरी हात दाराच्या फटीत होता, नखांनी टेप उकरत होतो. तेव्हा लालटोपी वर दिसला. मास्कच्या काचांत डोळे, मास्कमधून येणारा तो घोगरा आवाज, नो, नो, नो. पाना खाली आला आणि माझ्या मनगटाचं हाड मोडलं. तो आवाज मी ऐकला. मी ओरडलो तर कोणीतरी माझ्या तोंडात ओला टॉवेल कोंबला. लाथा थांबल्या नाहीत. कोणी रडत रडत लाथा मारत होता, "सोड रे दार, अल्लाच्या वास्ते सोड." खोका उलटला, रेडिओ पायांखाली गेला, कॉमेंट्रीवाला तसाच बोलत होता, मग त्याच्यावर बूट पडला.

मी माणसांच्या पायांमधून मामेभावाकडे पाहत होतो. त्याच्याजवळ आमच्यातला एक वयस्कर फिटर बसला होता. त्याचं डोकं छातीशी घेऊन, मायेने, बादलीत टॉवेल पुन्हा भिजवून त्याच्या नाकातोंडावर दाबून धरत होता. त्याला वायू लागू नये म्हणून. मी किंचाळत होतो की काढ, काढ तो टॉवेल, आणि माझ्या तोंडातही टॉवेलच होता.

सगळं ठीक असल्याचा भोंगा वाजला तेव्हा वेल्डरनेच दार लाथेने उघडलं. बाहेर ऊन पडलं होतं. प्लांटचा रोजचा कुजक्या अंड्यांचा वास, एवढंच. दुसरं काही नव्हतं. वायू आला नव्हता. तो शेवटपर्यंत आलाच नाही.

लालटोपीने मास्क फेकला, मामेभावाला लहान मुलासारखं उचललं आणि पिकअपकडे धावला. मी मागच्या बाजूला चढलो. सिग्नल, कोपरे, काही न बघता त्याने गाडी हाणली. क्लिनिकमधल्या डॉक्टरने फार वेळ लावला नाही. लालटोपी बाकावर बसला, लाल टोपी गुडघ्यावर, आणि मला काहीतरी म्हणाला. त्यातला शब्द न् शब्द मला कळला. मी त्याच्या तोंडावर थुंकलो. त्याने पुसलं नाही.

अमेरिकन मेला असता तर पेपरात आला असता. आमच्या माणसाचा कागद एका ओळीत झाला. कब्रस्तानात वाळू उकरून दफन केलं, डोक्याशी एक दगड. मय्यतीला सगळे आले होते. खांदा द्यायला वेल्डर पुढे झाला, ओठ सुजलेला, माझ्या कोपराने फुटलेला. मी त्याला ढकललं. तो मागे झाला, मग चार पावलं मागून चालत राहिला, चप्पल हातात घेऊन.

गावात फोन एकाच दुकानात होता. लाइन लागायला दोन दिवस गेले. मामीला बोलावून आणलं. खबर तिला आधीच कोणीतरी पोचवली होती, तिचा आवाज कोरडा होता.

"वायूने गेला?"

"नाय मामी. दम्याने."

"पंप नव्हता खिशात?"

"संपला होता. मिळाला नाय कुठे."

मग विचारते, "जवळ कोणी नव्हतं काय रे आपल्यातलं?"

"सगळे होते," मी म्हटलं.

लाइन तुटली की तिने फोन ठेवला, मला माहीत नाही. मी तो फोनचा रिसीव्हर बूथच्या काचेवर मारला. काच फुटली नाही, म्हणून पुन्हा मारला.

ती मॅच निळे जिंकले होते. बातम्यांत कळलं. मला काही वाटलं नाही. लालटोपीने कंटेनरवरचा खडू पुसून टाकला आणि पुन्हा काही लिहिलं नाही. पाना त्याच्या हातात परत दिसला नाही. पण त्याची मला काय पडली होती? रोज सकाळी मी त्याच बसमध्ये त्याच माणसांबरोबर बसत होतो, उजवा हात प्लास्टरमध्ये, तोंडातले दोन दात गेलेले. फिटरचं काम होत नव्हतं, मला स्टोअरमध्ये मोजायला बसवलं होतं. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, आणि मी कोणाकडे बघत नव्हतो. खोलीत वेल्डर भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मला रोज वाटायचं उठावं आणि उशी याच्या तोंडावर दाबावी, म्हणजे कळेल. अल्लाची कसम, वाटायचं.

लढाई संपली. कुवेत सुटलं, लोकांनी खिडक्यांच्या टेपा खरवडून काढल्या. आणि जमातीने एका जागी जमायची वेळ आली. लाल आधीच बाद झाले होते. शेवटची मॅच निळ्यांची होती, त्या डोंगरातल्या हिरव्यांशी.

त्या सकाळी बसमध्ये चढलो तर खिडकीच्या सीटवर, मामेभावाच्या जागी, त्याचा रेडिओ ठेवलेला. बुटाखाली चिरडलेला तोच. तुकडे जोडून त्याच तपकिरी टेपने गुंडाळलेला, तारेची अँटेना लावलेली. हे हात कोणाचे ते मला कळलं. वेल्डरने लावलेला सांधा मी कुठेही ओळखला असता. रेडिओ चालू होता. मॅच सुरू झाली होती.

मी तो उचलला आणि खिडकीतून फेकून देणार होतो. मग बसलो. मांडीवर घेतला. बस सुटली.

आणि हळूहळू मला दिसलं की सगळी बस निळ्यांची झाली आहे. निळ्यांनी घातली की माना ताठ होत होत्या, हिरव्यांनी घातली की कोणीतरी चुकचुकत होतं. आता यांना निळे पाहिजेत! माझं डोकं असं सणकलं की मी उभा राहिलो आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं, "एकाने तोंड उघडलं तर जीभ हासडीन. त्याच्या टीमसाठी तुम्ही ओरडायचं नाय. कोणी नाय."

कोणी उघडलं नाही. वीस माणसं, इंजिनाची घरघर आणि रेडिओ. मॅच बरोबरीत आली. प्लांटची चिमणी दिसायला लागली. एका फ्री थ्रोने हिरवे पुढे, मग वेळ संपता संपता निळ्यांच्या कोणीतरी लांबून फेकला, कॉमेंट्रीवाल्याचा श्वास अडकला, आणि सगळं घर कोसळल्यासारखा आवाज आला. आत गेला होता. निळे जमात जिंकले होते.

कोणी हललं नाही. मी ओरडायला तोंड उघडलं. ते माझंच काम होतं, आता दुसरं कोण होतं? पण गळ्यातून आवाजच फुटेना.

तेव्हा मागच्या सीटवरून, अगदी हळू, कोणीतरी म्हटलं, "पडला पाटीत."

वेल्डर. डोळे पुसत होता.

मी वळलो आणि डाव्या हाताने त्याच्या तोंडावर बुक्का मारला. नाक फुटलं, रक्त शर्टावर आलं. एवढा रेडा माणूस, एका हाताने मला दाबून ठेवला असता. त्याने हात वर केले नाहीत. दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवले आणि म्हणाला, "अजून मार, भाई."

मी मारलं. या वेळी उजव्याने, प्लास्टरच्या हाताने, आणि मोडलेलं हाड पुन्हा मोडलं. मग त्याच्याच शर्टाला धरून मी रडायला लागलो, मोठ्याने, आई मेल्यासारखा. बस फाटकाशी थांबली होती. कोणीतरी माझ्या सीटवरून रेडिओ उचलला आणि बंद केला.